दुपारी दोनचा रकाना

“रकाना कधी रिकामा ठेवायचा नसतो; रिकाम्या रकान्याचा अर्थ एकच निघतो, माणूस झोपला होता.”

हे मिस्त्री लग्नाच्या पहिल्या वर्षी बोलले होते. नव्या बायकोने सहज विचारलं होतं, “दिवसभर त्या बॉयलरपाशी करता तरी काय तुम्ही?” त्यावर त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून तिच्यापुढे पसरला. उभ्या रेघा, आडव्या रेघा. डावीकडे तास, वरती वाफ, पाणी, तेल. एकेका तासाला तीन-तीन आकडे, छापल्यासारखे सरळ. तिला तो कागद अंधारातल्या मोठ्या इमारतीसारखा वाटला, एकूण एक खिडकीत दिवा लागलेला.

“आणि जेवता कधी?” तिने विचारलं.

“उजव्या हाताने जेवायचं, डाव्या हाताने लिहायचं.”

ती हसली. ते हसले नाहीत. ते थट्टा करत नव्हते हे तिला बऱ्याच दिवसांनी कळलं. डाव्या हाताचे आकडेही तितकेच सरळ असत.

मिस्त्री म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. कापड रंगवायच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं एकाच बॉयलरच्या उबेत काढली. घरी आले की अंगाला तापल्या लोखंडाचा वास यायचा आणि तो कुठल्याच साबणाने जात नसे. कारखान्याच्या फाटकातून आत शिरतानाच त्यांना कळायचं, आज पंप कण्हतोय, आज कुणीतरी पाणी उशिरा सोडलंय. कानच तसे होते. पुढे तेच कान बॉयलरने खाल्ले. इतकी वर्षं तो घरघराट ऐकून ऐकून कानांनी हळूहळू दार लावून घेतलं. मिस्त्रींनी ते कधी कबूल केलं नाही. “तूच हल्ली पुटपुटतेस,” ते बायकोला म्हणत. ती आवाज चढवून बोलायला लागली आणि शेजारपाजारचे समजले, मिस्त्रीणबाई भांडखोर झाल्या.

रिकाम्या रकान्याची भीती मात्र त्यांनी आईच्या पोटातून आणली नव्हती. त्यांच्या पाळीवर एक जाड भिंगांचा माणूस होता. त्याला सगळे चष्मेवाला म्हणत. एकदा तीनच्या सुमाराला रंगाच्या हौदावरच्या एका कामगाराच्या हातावर उकळतं पाणी उडालं. चष्मेवाला धावला, त्या हातावर गार पाण्याच्या बादल्या ओतत बसला, आणि तीनची नोंद हुकली. त्याने तो रकाना तसाच सोडून दिला. खोटं कशाला लिहायचं, म्हणाला. पंधरा दिवसांनी तपासनीस आला, कागद चाळता चाळता त्याचं बोट नेमकं त्या पांढऱ्या चौकोनावर थांबलं. कुणाचा हात भाजला होता हे त्याने विचारलं नाही. चष्मेवाल्याची रवानगी गोदामात झाली. धुळीने भरलेल्या भिंगांतून बघत तो गठ्ठे उचलायचा, आणि तसाच तो निवृत्त झाला.

इतरांनी काय नोंदी हुकवल्या नव्हत्या? पण इतरांचे रकाने भरलेले होते. एकला वाफेचा दाब सहा किलो, तीनला सात किलो, मग दोनला साडेसहा. “वाफ उड्या मारत नाही,” मिस्त्री म्हणत. “दोन आकड्यांच्या मध्ये तिसरा असतोच. बघितला काय, न बघितला काय.”

एकतीस वर्षांत बॉयलरने त्यांना एकदाही खोटं पाडलं नाही. वाईट झालं ते तिथेच.

भोंगा घरात आला त्याला अकरा वर्षं झाली. भोंगा म्हणजे कुत्रा. बॉयलरच्या मागच्या उबदार भिंतीला टेकून झोपणाऱ्या कुत्रीचं ते शेवटचं पिल्लू. पाळी बदलताना कारखान्याचा भोंगा वाजला की हे वीतभर पिल्लू मान वर करून त्या सुरात सूर मिसळायचं, म्हणून ते नाव. कुत्री एका ट्रकखाली गेली आणि मिस्त्रींनी पिल्लाला डब्याच्या पिशवीत घालून घरी आणलं.

“अहो, डबा कुठाय?” बायकोने पिशवीत डोकावून कपाळाला हात लावला.

“डबा राहिला तिकडे.”

“मग उद्या जेवण कशात नेणार? याच्या पाठीवर बांधू?”

“उद्याचं उद्या बघू.”

ज्या माणसाने जन्मात उद्याचं उद्यावर ढकललं नव्हतं, त्याच्या तोंडून हे ऐकून तिने पिशवी आपल्याकडे घेतली. त्यांना मूल नव्हतं. त्या रकान्याबद्दल दोघं कधी बोलत नसत. वाटीभर दूध तिने जमिनीवर ठेवलं आणि विषय संपला.

चार वर्षांपूर्वी कारखाना बंद झाला. बॉयलर कापून तुकड्या-तुकड्यांनी भंगारात गेला. मिस्त्री बघायला गेले नाहीत. त्या दिवशी ते भोंग्याला घेऊन दिवसभर चालत राहिले, आणि संध्याकाळी कुत्रा आणि माणूस दोघंही लंगडत जिना चढले. त्यानंतर घरात सकाळ झाली काय आणि दुपार झाली काय, त्यांना काही फरक पडेनासा झाला. बायको कपडे दुरुस्तीच्या दुकानात शिवणकाम करायची. ती जाताना ते खुर्चीत असत, येताना खुर्चीत असत. “खुर्चीला गंज चढेल हो,” ती म्हणायची. ते ऐकू न आल्याचं दाखवत, किंवा खरंच ऐकू येत नसे.

मागच्या वर्षी भोंग्याला खोकला लागला. आधी वाटलं, घशात काही टोचलं असेल. मग तो जिना चढताना मधल्या पायरीवर थांबू लागला. मग झोपेतून उठून बसायचा, मान लांब करून, पुढचे पाय फाकवून, जणू कुणीतरी त्याच्या छातीवर बसलंय. दोन गल्ल्या पलीकडे जनावरांचा दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कमी बोलायच्या, पण बोलल्या की ऐकणाऱ्याला पुन्हा विचारायची गरज पडत नसे.

“हृदय थकलंय याचं,” त्या म्हणाल्या. “ते थकलं की फुप्फुसात पाणी साचतं. बरं होणारं दुखणं नाही हे, सांभाळायचं. पाणी किती साचतंय ते मला इथे बसून दिसणार नाही, तुम्हाला घरी दिसेल. तो गाढ झोपला की श्वास मोजायचे, पूर्ण एक मिनिट. छाती वर गेली, खाली आली, की एक. तिसाच्या आत असले तर गोळ्या लागू पडतायत. तीस ओलांडले तर त्याच दिवशी मला फोन. आणि चाळीस झाले तर फोन करत बसू नका, उचला आणि या.” मग मिस्त्रींकडे वळून त्या मोठ्याने म्हणाल्या, “काका, दुपारचा आकडा चुकवू नका. उन्हाच्या वेळेलाच खरं काय ते कळतं.”

मिस्त्रींनी घरी येताना वाटेतच वही घेतली. संध्याकाळभर पट्टी घेऊन रेघा मारल्या. डावीकडे तारीख, वरती सकाळी सात, दुपारी दोन, संध्याकाळी सात. कारखान्यातलं मनगटी घड्याळ ट्रंकेतून काढून त्याला नवा सेल घातला. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली. बायकोने स्वयंपाकघरातून पाहिलं आणि तिच्या मनात आलं, यांना पुन्हा पाळी मिळाली. कुत्र्याच्या दुखण्यातून घराला बरे दिवस यावेत याची तिला लाज वाटली, पण आले होते खरे.

मोजायची युक्ती तिची. भोंग्याचा रंग राखाडी, केस दाट, बरगडी हलते की नाही ते चटकन दिसत नसे. तिने दुकानातून लाल कापडाची बोटभर चिंधी आणली. तो झोपला की ती चिंधी त्याच्या बरगडीवर ठेवायची. चिंधी वर, चिंधी खाली, एक. मिस्त्री घड्याळ धरत, ती ओठ हलवत मोजायची. एक मिनिट घरात दुसरं काही नसायचं. मग ती आकडा सांगायची आणि ते लिहायचे. चोवीस. बावीस. पंचवीस.

“परीक्षेत एवढे मार्क मिळाले नव्हते मला,” ती एकदा म्हणाली.

“कितीपैकी?”

“ते विचारू नका.”

तेव्हा मात्र ते हसले. महिन्याने डॉक्टरीणबाईंनी वही पाहिली आणि भुवया वर केल्या. एका पानाची नक्कल काढून त्यांनी दवाखान्याच्या फलकावर टाचणीने लावली, वर लिहिलं: “नोंद अशी ठेवावी.” मिस्त्रींनी घरी येईपर्यंत त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पण त्या आठवड्यात ते तीनदा काही ना काही निमित्त काढून दवाखान्यावरून चालत गेले, हे बायकोला खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडून कळलं.

मग उन्हाळा चढला. त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर, वर नुसती गच्ची. दुपारी भिंतीला हात लावला तर हात मागे घ्यावा लागे. शाळा उघडायला महिना राहिला होता आणि दुकानात गणवेशांचे ढीग येऊन पडले. पट्ट्या मोडायच्या, कंबर सैल करायची, पोरं वर्षात वाढलेली. दुकानाने साप्ताहिक सुट्टी बंद केली. सकाळचं आणि संध्याकाळचं मोजणं दोघांचं, दुपारचं आता रोज एकट्या मिस्त्रींचं झालं. संध्याकाळी आल्यावर ती आधी वही उघडायची. दुपारी दोन: सव्वीस. पंचवीस. सव्वीस. सत्तावीस. चपला काढायच्या आधीच तिच्या जिवात जीव यायचा.

सकाळचे आकडे हळूहळू चढत होते, हे तिला दिसत होतं. चोवीसचे सत्तावीस झाले होते. पण दुपारच्या उन्हातही तो सव्विसावर असेल, तर घाबरायचं कशाला?

त्या दिवशी दुकानातली वीज गेली. मशीनच्या मोटारी एकदम गप्प झाल्या. मालकीण म्हणाली, आता चारशिवाय यायची नाही, घरी जाऊन या. ती दीड वाजता जिना चढून आली. दार नुसतं लोटलेलं होतं. मिस्त्री खुर्चीत होते, मान एका खांद्यावर कललेली, तोंड उघडं, हातात घड्याळ. हातातल्या घड्याळाने तिला भरून आलं. माणूस मोजायलाच बसला होता, झोपेने गाठलं. वय झालं. झोपू दे.

मग तिला आवाज ऐकू आला. ओल्या कापडातून कुणीतरी हवा ओढत असल्यासारखा. भोंगा खुर्चीखाली होता. आडवा नव्हता, बसलेला होता. कोपरं बाहेर, मान पुढे, डोळे दाराकडे. तिला पाहून शेपटी एकदा हलली आणि थांबली, जणू तेवढ्यालाही श्वास पुरत नव्हता. खुर्चीत झोपलेल्या माणसाला, खुर्चीच्या पायाशी चाललेला तो आवाज ऐकू येत नव्हता.

खोली भट्टीसारखी तापली होती. तिने भोंग्याला उचललं, उशीखालची चिंधी घेतली आणि आवाज न करता खाली उतरली. खालच्या वहिनींच्या घरात फरशी गार असायची. वहिनी धुणं घड्या करत होत्या.

“अगं बाई, काय झालं याला?”

“वहिनी, जरा इथे ठेवते. वर फार तापलंय.”

गार फरशीवर पोट टेकलं तसा भोंगा जरा निवला, पंधरा-वीस मिनिटांनी त्याची मानही खाली आली. डोळे मिटले. तिने बरगडीवर चिंधी ठेवली आणि वहिनींच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोनला दोन मिनिटं कमी होती. तिने मोजलं. बेचाळीस. तिला वाटलं आपण चुकलो, पुन्हा मोजलं. एकेचाळीस. झोपेत, गार फरशीवर, एकेचाळीस.

तिने चिंधी मुठीत घेतली. “वहिनी, दवाखान्यात नेते. एक मिनिट बघा याला, वही घेऊन आले.” डॉक्टरीणबाई वहीशिवाय बोलत नसत.

ती वर गेली तेव्हा मिस्त्री जागे होते. टेबलाशी उभे होते, पाठमोरे. पेनाला टोपण लावत होते.

“आज लवकर कशी?” ते दचकून म्हणाले.

“वीज गेली दुकानात.” तिने वही उघडली. आजची तारीख. सकाळी सात: सत्तावीस. दुपारी दोन: सव्वीस. शाई अजून चमकत होती.

ती त्या आकड्याकडे बघत राहिली. काल संध्याकाळी पंचवीस. आज सकाळी सत्तावीस. मधला सव्वीस. तिला हिशोब यायला शाळा लागली नव्हती, शिवणकामाचा टेप पुरेसा होता. डोळा उघडल्यावर हात आधी वहीकडे गेला होता. आधी रकाना, मग बाकीचं जग. खुर्चीखाली कुत्रा आहे की नाही हेसुद्धा मग.

“कधी मोजलेत?”

“दोनला. नेमके.”

“झोपला होता?”

“गाढ.” ते खोलीभर नजर फिरवत म्हणाले. “आत्ताच उठून पलंगाखाली गेला वाटतं.”

तिच्या जिभेवर खूप काही आलं. चौतीस वर्षांत तिने या माणसाला खोटं बोलताना पाहिलं नव्हतं. आताही तो खोटं बोलतोय असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं, हेच तिला सगळ्यात भयंकर वाटलं. त्यांच्या लेखी दोन आकड्यांच्या मध्ये तिसरा होताच. तिने मागची पानं उलटली नाहीत. हिंमत झाली नाही.

“चला,” ती एवढंच म्हणाली. “डॉक्टरकडे.”

“कशाला? सव्वीस आहे.”

“चला म्हणते ना.”

ते तिच्या मागोमाग जिना उतरले. खालच्या दारात वहिनी भोंग्याला कडेवर घेऊन उभ्या होत्या.

“काय हो भावोजी,” वहिनी म्हणाल्या, “अर्ध्या तासापासून माझ्याकडे आहे हा, नुसता धापा टाकतोय. तुम्ही वर काय करत होता?”

मिस्त्रींना कमी ऐकू यायचं, पण हे ऐकू आलं. वहिनी नेहमीच मोठ्याने बोलायच्या. ते बायकोकडे बघायला वळले आणि मध्येच थांबले. मग त्यांनी पुढे होऊन भोंग्याला वहिनींच्या हातातून घेतलं आणि छातीशी धरलं.

ऊन डोक्यावर होतं, दुकानांची दारं अर्धी ओढलेली. ती वही घेऊन एक पाऊल मागे चालत होती. कानांना जे ऐकू येत नव्हतं ते आता त्यांच्या छातीला कळत असणार. भोंग्याची बरगडी त्यांच्या शर्टाच्या बटणांवर भराभर आदळत होती, आणि मिस्त्रींचे ओठ हलत होते. ते मोजत होते. वळणावर ते थांबले, ओठही थांबले, आणि मग ते आधीपेक्षा भरभर चालू लागले.

दवाखान्यात गर्दी नव्हती. फलकावर ते पान अजून होतं, पंख्याच्या वाऱ्याने त्याचा खालचा कोपरा उडत होता. डॉक्टरीणबाईंनी भोंग्याला टेबलावर घेतलं, छातीला नळी लावली, हिरड्यांवर बोट दाबून पाहिलं, स्वतःच्या घड्याळावर श्वास मोजले.

“चव्वेचाळीस. वही?”

बायकोने वही दिली. तिला ती द्यायची नव्हती, पण हात सवयीने पुढे झाला. डॉक्टरीणबाईंनी बोट खाली खाली नेलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“दोन वाजता सव्वीस, आणि आता, तासाभरात, चव्वेचाळीस? छातीतली खरखर तर याची नेहमीचीच आहे.” त्यांनी पान मागे उलटलं. “तीन आठवडे दुपारी एकदाही तीस ओलांडलेले नाहीत. पाणी साचत असतं तर आधी वहीत चढताना दिसलं असतं. हे पाणी वाटत नाही मला. काही गिळलं का याने? हाडूक, कापड, काही?”

लाल चिंधी बायकोच्या मुठीत होती. तिने मूठ घट्ट केली.

“घशात काही अडकलंय का ते बघायला हवं. त्यासाठी भूल द्यावी लागेल.”

“झेपेल त्याला?”

“या हृदयाला? नाही सांगता येत, काकू. पण वही हेच सांगतेय. काकांच्या वहीवर तर मी इतक्या वर्षांत कुणावर ठेवला नसेल एवढा विश्वास ठेवते.” त्या सुई भरायला आतल्या खोलीत गेल्या. “एक मिनिट धरा त्याला.”

बायकोने दोन्ही हातांनी भोंग्याला धरलं. बोलायचं तर आताच. “डॉक्टर, तो सव्वीस खोटा आहे,” एवढंच वाक्य. पण ते वाक्य तिने म्हटलं असतं, तर या माणसापाशी पुढे काय उरलं असतं? बॉयलर गेला होता, कान गेले होते. एक वही होती. ती तिने आपल्या तोंडाने हिसकावून घ्यायची? आणि नाही म्हटलं, तर हाताखाली चाललेली ही बरगडी त्या सुईने थांबली असती. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बारावर आला होता. काटा पुन्हा बारावर येईपर्यंत, तिने ठरवलं. तोवर ते बोलले नाहीत तर मी बोलेन, मग जे व्हायचं ते होवो.

ती मिस्त्रींकडे बघत होती. मिस्त्री वहीकडे बघत होते.

काटा तीनवर गेला, सहावर गेला. आत काचेची बाटली टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. भोंग्याने मान वळवून मिस्त्रींच्या मनगटाला नाक लावलं, ओलं, गार. काटा आठवर होता.

मिस्त्रींनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि आजच्या तारखेवर वाकले. दुपारी दोन: सव्वीस. त्यावर त्यांनी एक आडवी रेघ मारली. पट्टी नव्हती, तरी सरळ. मग त्याच्या वरच्यावर. मग त्याच्या वरच्यावर. एकेक आकडा ते आधी वाचत होते, मग खोडत होते. पान उलटून मागे गेले, तिथेही खोडले. दोन ठिकाणी पेन थांबलं, आणि ते दोन आकडे तसेच ठेवून पुढे गेलं. ते दोन दिवस ते जागे राहिले असावेत. काटा बारा ओलांडून गेला होता, तिला ते कळलंच नाही.

डॉक्टरीणबाई सुई घेऊन बाहेर आल्या. मिस्त्रींनी वही फिरवून त्यांच्यासमोर धरली.

“हे काय, काका?”

मिस्त्रींनी पहिल्या खोडलेल्या आकड्यावर बोट ठेवलं आणि तिथून शेवटच्या आकड्यापर्यंत आणलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे.

“दुपारचे धरू नका,” बायको म्हणाली. आवाज तिचाच होता की नाही कोण जाणे. “आज दोन वाजता मी मोजले. बेचाळीस. पुन्हा मोजले, एकेचाळीस.”

डॉक्टरीणबाईंनी खोडलेले आकडे बोटाने मोजले. एकोणीस. त्यांनी हातातली सुई बाजूला ठेवली, फडताळ उघडून दुसरी बाटली काढली, दुसरी सुई भरली. हे सगळं त्यांनी फार शांतपणे केलं.

“म्हणजे पाणीच आहे,” त्या म्हणाल्या. “आणि ते भरत होतं. तीन आठवडे.” सुई टोचताना भोंगा हललासुद्धा नाही. “प्राणवायू लावते. संध्याकाळपर्यंत इथेच राहू दे. उतरलं तर उतरलं. पंधरा दिवसांपूर्वी आणला असता तर मी वेगळं बोलले असते.”

नळीतून हवा फुसफुसू लागली. वाफेसारखाच तो आवाज, अगदी बारीक. मिस्त्रींनी मान किंचित तिरकी केली, फाटकातून आत शिरताना ते करत तशी. त्यांना ऐकू आलं की नाही ते तिला समजलं नाही.

“काका, बसा तुम्ही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “नवीन पान करा. आता दर पंधरा मिनिटांनी मोजायचंय.”

बायकोने मान हलवून त्यांना खुणावलं, बसा. तिचे दोन्ही हात भोंग्यावर होते, नाहीतर तिने त्यांचा शर्ट धरला असता.

मिस्त्रींनी मनगटावरचं घड्याळ काढलं. ते उघड्या वहीवर ठेवलं, पेन त्याच्या शेजारी ठेवलं. भोंग्याच्या डोक्यावर त्यांचा तळवा एकदा टेकला आणि उचलला गेला. मग ते वळले, फलकाजवळून गेले, दार ओढलं, आणि बाहेर उन्हात निघून गेले.